विश्रांतीची खुर्ची

"एकशे आठ," सिस्टर म्हणाल्या.

"परत शंभरच्या वर!" टेबलापलीकडून डेपो मॅनेजर म्हणाले. त्यांना वाईट वाटलं असं काही कोणाला दिसलं नाही. मोहीम त्यांचीच होती. 'शांत चालक, सुखी प्रवासी.' स्वस्थ बसलेल्या ड्रायव्हरची नाडी मोजायची. तीनदा शंभरच्या वर गेली की त्याची गाडी काढून घ्यायची आणि माणसाला बसवायचं गेटवर, दांडा वरखाली करायला. आजची ही तिसरी वेळ.

खुर्चीत बसलेल्या ड्रायव्हरला सगळा डेपो थंडोबा म्हणायचा. एकदा उतारावर ब्रेक लागेना, तर या गड्याने भरलेली बस बाजूच्या चढावर घालून थांबवली आणि मागे वळून म्हणाला, "पाय मोकळे करून घ्या मंडळी, थोडा वेळ लागेल." त्याच माणसाच्या कपाळावर आज घाम होता. तो घाबरला होता, चांगलाच घाबरला होता. निवृत्तीच्या दिवशी शेवटची फेरी स्वतः आणायची आणि स्वतःच्या हाताने चावी परत करायची, एवढी एकच त्याची इच्छा होती.

उपाय करायचं त्याने काही बाकी ठेवलं नव्हतं. पहिल्या वेळी साहेब म्हणाले, चहा. त्याने चहा सोडला. डोकं असं ठणकलं की विचारू नका. दुसऱ्या वेळी म्हणाले, तंबाखू. तीही सोडली आणि घरच्यांवर डाफरत बसला. बायको त्याला दिवेलागणीलाच झोपायला पाठवू लागली. तो डोळे टक्क उघडे ठेवून, झोप आली का ते बघत पडायचा. मुलीने सावकाश श्वास घ्यायला शिकवलं. मेव्हण्याने पोट कमी करायला सांगितलं, आणि तेही स्वतःचं पोट सावरत. गंमत म्हणजे घरी सोफ्यावर मुलगी मोजायची तेव्हा नाडी गाईसारखी गरीब असायची. या केबिनमध्ये शिरला रे शिरला, की उधळायची.

केबिनमध्येच का मोजायची? तर पंखा तिथलाच नीट चालत होता. खुर्चीवर साहेबांनी पाटी चिकटवली होती, 'विश्रांतीची खुर्ची'. तिच्यात पाच मिनिटं निवांत बसायचं. समोर साहेब चष्म्यावरून बघणार, पेन टेबलावर टकटक आपटणार आणि मधूनच "हं" म्हणणार. त्या "हं"ने भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची.

सिस्टरनी सुरुवातीलाच सुचवून बघितलं होतं. "साहेब, खुर्ची बाहेर झाडाखाली ठेवू या का? मोकळी हवा आहे."

"झाडाखाली? सहलीला आलेत का हे? आणि माझा काय त्रास आहे त्यांना? मी आपला बसलेला असतो."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर ती बिचाऱ्या चहाला झाली.

आता साहेबांनी पेन उचललं. "उद्यापासून गेटवर. विषय संपला."

थंडोबाने डोळे मिटले. शेवटच्या फेरीवर त्याने पाणी सोडलं. पण भीती मात्र गेली, कारण आता हिसकावून घेण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. त्याने मोठा सुस्कारा सोडला. "बरं साहेब. गेट तर गेट."

सिस्टरची बोटं अजून त्याच्या मनगटावरच होती. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "साहेब, बहात्तर."

"बहात्तर?" साहेबांचं पेन थबकलं. "मग पास की! नियम म्हणजे नियम. जा, गाडीवर जा."

थंडोबा आनंदाने ताठ बसला.

"एकशे दहा," सिस्टर म्हणाल्या.

"मग गेट!"

"शहात्तर."

"गाडी!"

"एकशे चार."

साहेब घटाघटा पाणी प्यायले. इतक्या वर्षांच्या नोकरीत कुठल्या नियमाने त्यांना असं तोंडघशी पाडलं नव्हतं. मग त्यांना तोड सुचली आणि चेहरा एकदम मायाळू झाला. "हे बघा, गेटचं नाव काढलं की तुमची तब्येत सुधारते. तुमच्या भल्यासाठीच सांगतो. गेटच बरं."

ते सही करणार एवढ्यात फोन वाजला. मुख्य कार्यालयाचा होता. साहेब उठून उभे राहिले.

"जी सर. मोहीम आवडली? आभारी आहे सर... काय म्हणालात? अधिकाऱ्यांचीही मोजायची? उद्या?... आपण स्वतः समोर बसणार?... माझ्यापासून सुरुवात. हो सर. आनंदच आहे सर."

हात दाखवून अवलक्षण! साहेब मटकन खाली बसले. पंखा गरगरत होता, तरी त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. टेबलाखाली त्यांचा एक हात दुसऱ्या हाताचं मनगट चाचपत होता. सहीचं पेन तसंच उघडं पडून राहिलं.

"सिस्टर," ते हळूच म्हणाले, "उद्या ती खुर्ची बाहेर झाडाखाली ठेवता येईल का? मोकळी हवा आहे तिथे."

"ठेवते की साहेब. उद्या कशाला, आत्ताच ठेवते," सिस्टर म्हणाल्या आणि थंडोबाला हाताला धरून उठवलं. "चला काका. आधी तुम्ही बसा."