जुनं विमान

बायको गेल्यापासून मी घराबाहेर फारसा पडत नाही. तरी मागच्या आठवड्यात सगळे ट्रक विकले आणि एक छोटं जेट विमान घेतलं. सेकंडहँड. जन्मभर ट्रकही जुनेच घेत आलो, त्यामुळे हँगरमध्ये शिरल्यावर आधी वाकून टायर बघितले. दलाल हसला. मी त्याला एवढंच विचारलं, "मध्ये कुठे न थांबता समुद्र ओलांडतं का?"

"एका दमात, साहेब."

परदेशातल्या मुलाला हे त्याच्या बहिणीकडून कळलं. लगेच फोन आला.

"बाबा, डोकं फिरलंय का तुमचं? चालता धंदा विकून विमान? आणि त्या खटाऱ्यातून जाणार कुठे तुम्ही? कोपऱ्यावरच्या दुकानात?"

"खटारा म्हणू नकोस. टायर नवे आहेत."

"आईच्या माघारी ही थेरं सुचतायत तुम्हाला. लोक हसतायत!"

"आईचं नाव तू काढू नकोस."

"का? माझी कोणी नव्हती ती?"

मी आवाज चढवला नाही. म्हणालो, "विमान माझ्यासाठी नाहीच. उद्यापासून ते तुझ्या शहरातल्या विमानतळावर उभं राहील. पायलटही तिथेच राहील. तुझ्यासाठीच घेतलंय."

तो एकदम लोण्यासारखा मऊ झाला. "माझ्यासाठी? अहो बाबा, मग हे आधी नाही का सांगायचं!"



"तुझ्या आईला पोचवायला यायचं होतं तेव्हा तुला तिकीट मिळालं नव्हतं; माझ्या वेळी दुसरी सबब शोध."