रंगाखालचा पोचा

पंप कारखान्याच्या चाचणी हॉलमध्ये तिने पाऊल टाकलं आणि ती दारातच थबकली. शेजारी शेजारी ठेवलेले दोन्ही पंप निळेशार, जुळ्या भावंडांसारखे. त्यातला एक कोराकरकरीत होता. दुसरा, एका कागद कारखान्यात आयुष्य काढून भंगारात निघालेला. तिच्या दुरुस्ती विभागाने तो उघडून, आतलं झिजलेलं बदलून पुन्हा उभा केला होता. याला रंग लावू नका, ओरखडे दिसू देत, असं तिने रंगाऱ्याला बजावलं होतं.

"ताई, रंगाशिवाय या दारातून काही बाहेर गेलं नाही कधी," रंगारी म्हणाला. "हात शिवशिवले. राहवलं नाही."

विक्रीवाले तिला भंगारवाली म्हणत आणि तीही खुशाल ओ देई. पण आज थट्टेचा दिवस नव्हता. त्या कागद कारखान्याच्या मालकीणबाई नवे पंप घेण्याऐवजी जुनेच असे दुरुस्त करून घ्यायला तयार झाल्या, तर तिचा विभाग टिकणार होता. नाहीतर पुढच्या महिन्यात कुलूप, असं संचालकांनी तोंडावर सांगितलं होतं.

विक्रीप्रमुख तिच्या कानाशी आला. "अहो, बरंच झालं की. नवाच जुना म्हणून चालवून दाखवा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि त्यांचा पंप कुठे गेला म्हणून विचारलं तर?" ती म्हणाली. तिला त्याचा रागही आला आणि हसूही.

तेवढ्यात मालकीणबाई चहाचा कप हातात घेऊनच आत आल्या. दोन्ही पंपांकडे त्यांनी आळीपाळीने पाहिलं.

"यातला माझा कुठला?"

तिने रंगाऱ्याच्या टेबलावरची खरवडणी उचलली. एका पंपाच्या पोटाखालून हात फिरवला, थांबली आणि तिथला ताजा रंग खरवडून काढला. खाली लोखंडाला बसलेला पोचा उघडा पडला. विक्रीप्रमुखाने डोळे मिटून घेतले.

"हा तुमचा."

मालकीणबाई वाकल्या. "हा पोचा आमच्याच लोकांनी पाडलाय. उतरवताना आपटला होता."

तिने बटण दाबलं. पंप घुमायला लागला. तिने मालकीणबाईंच्या हातातला कप घेतला आणि चालत्या पंपाच्या पाठीवर ठेवला. चहावरची साय हलली नाही.

"नवीन ओतलेलं लोखंड सुरुवातीला थोडं वाकतं, मग पंप थरथरतो," ती म्हणाली. "याचं वाकायचं तेवढं वाकून झालंय."

मालकीणबाईंनी कप उचलला आणि उरलेला चहा शांतपणे संपवला. "बाकीचेही पाठवते. पण एक अट आहे. रंग लावायचा नाही. माझ्या लोकांना आपला पंप ओळखू आला पाहिजे."

सगळ्यांनी रंगाऱ्याकडे पाहिलं. त्याने कपाळाला हात लावला आणि मग तिच्या हातातली खरवडणी मागून घेतली.