पुढे सरकलेला तास

दुसऱ्याच्या वेळेवर ज्याची सत्ता चालते, त्याने ती दयेने चालवावी. मार्चमध्ये अमेरिकेने घड्याळे तासभर पुढे केली, म्हणजे तिकडच्या वेळा आपल्याकडे तासभर आधी आल्या. तिथल्या एका शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळाने मात्र लातूरच्या आरतीला मुलाखतीची जुनीच वेळ दाखवली. सातची मुलाखत ती आठची समजून बसली, तर पडद्यावर ‘गैरहजर’!

दुसऱ्या दिवशी तिचे शिकवणीचे राघवेंद्र सर शिष्यवृत्तीच्या पुण्यातल्या कार्यालयावर फोनवरून कडाडले, “घड्याळं तुम्ही फिरवली, अन् शिक्षा आमच्या लेकराला? तिचा गुन्हा काय?”

“उशीर तो उशीरच, सर.”

सरांनी फोन आपटला. “माणसं हायत का दगडं!”

आरती हळूच म्हणाली, “सर, मुरुडची एसटी बंद पडून उशीर झाला म्हणून सकाळी तुम्ही सत्यमला शिकवणीच्या पेपरला बसू दिलं न्हाई. त्याचा गुन्हा काय होता?”

सरांनी सत्यमला पेपर द्यायला बोलावणे धाडले.

त्या दोन्ही लेकरांचे, आणि सरांचेही, मंगल होवो.