बारावी ओळ

"त्यांना नावं नसतात," फालेसीबाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं.

"अहो बाई, नाचतात म्हणजे पाय आहेत. पाय आहेत म्हणजे नाव असणारच." गोंडवे साहेबांनी अर्ज त्यांच्या पुढ्यात सरकवला. अनुदानाच्या कार्यालयातून ते राजधानीहून, लिलोंग्वेहून आले होते. मूळचे उत्तरेकडचे, त्यांच्याकडे नाचणारे मुखवट्याविना, उघड्या चेहऱ्यानं नाचत. "लोककलेतून गावविकास, अशी योजना आहे. कलावंतच नसतील तर पैसे कुणाला देऊ? भुतांना?"

ते हसले. फालेसीबाई हसल्या नाहीत.

*रकाना ४. प्रकल्पाची गरज काय?*

न्यांगा ओढ्यावर पूल नाही. गेल्या पावसात माझ्या वर्गातली तिघं शाळेत येताना वाहून गेली.

*रकाना ५. पूल आणि लोककला यांचा संबंध काय?*

आमच्या गावी मुखवट्यांचा नाच होतो. पूल झाला तर पलीकडची गावं नाच बघायला येतील, दरवर्षी जत्रा भरेल. (आणि मुलं बुडणार नाहीत. हे बाईंनी लिहून खोडलं.)

*रकाना ६. कलावंतांची पूर्ण नावे व वय. बारा ओळी. एकही ओळ रिकामी सोडू नये.*

इथं पेन थांबलं.

मुखवटा चढला की माणूस उरत नाही. तो दफनभूमीतून आलेला पशू असतो. शेजाऱ्याचं लंगडणं ओळखू येतं, दिराचा खोकला ओळखू येतो, पण बोलायचं नाही. दोन वर्षांपूर्वी एका सुनेनं नवऱ्याची टाच ओळखली आणि भर मैदानात त्याला नावानं हाक मारली. ती सून आता गावात नाही. कुठं आहे, हे तिची आईसुद्धा विचारत नाही.

बाईंनी डोळे मिटले. मग भराभर अकरा नावं लिहिली, वयं अंदाजानं टाकली. बारावं नाव सुचेना. सहीला वेगळी जागाही दिसेना. शेवटच्या ओळीवर त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहून सही ठोकली.

ऑक्टोबरात पत्र आलं. अर्ज पसंत आहे. साहेब नाच पाहतील, मैदानातच यादी वाचून हजेरी घेतील, मगच पूल.

पत्र ऐकून गावप्रमुख कासालिका उठून उभेच राहिले. "बाई, कुणाची नावं दिलीत?"

"जिवंत माणसाचं एकही नाही, आजोबा."

त्यांना समजायला वेळ लागला.

"ओढ्यात गेलेल्या लहानग्या यान्खोच्या दफनाला आपण सगळे गेलो होतो ना," बाई म्हणाल्या. "रांगेनं क्रूस होते. फळ्यावरचं वाचावं तशी नावं वाचली गेली. तीच लिहिली. म्हटलं, यात कुणाचं गुपित फुटत नाही."

"पोरांना शिकवता आणि एवढं कळत नाही?" म्हाताऱ्यानं आवाज खाली आणला. "तिकडचं नाव घेतलं की तिकडून ओ येते."

"मग तुमच्या गड्यांना सांगा. नाव आलं की एकेकानं पुढं यायचं. संपलं."

"मेलेल्याच्या नावाला आमचे गडी पुढं येतील? घरात कडी लावून बसतील." ते दाराकडे वळले. "पुलासाठी विचारून बघतो. पण तुम्ही त्या दिवशी तोंड मिटून बसा. कुणी का हाक मारेना."

तपासणीचा दिवस. टळटळीत दुपार. आंब्याखाली दोन खुर्च्या, एक साहेबांची, एक बाईंची. बायका टाळ्यांचा ठेका धरून उभ्या. कासालिकांचा पत्ता नव्हता.

दफनभूमीच्या बाजूनं ढोल वाजला.

वाळलेल्या उंच गवतातून मुखवटे निघाले. बाईंनी मोजले. अकरा. त्यांचा जीव भांड्यात पडला. म्हाताऱ्यानं जमवलं होतं तर! एवढंच खटकलं, की पाऊस अजून यायचा होता, ओढा कोरडा पडला होता आणि नाचणाऱ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत ओल्या मातीनं माखले होते.

"वा! एकदम जिवंत कला," साहेब म्हणाले आणि यादी उघडली. "लोटी काम्वेंडो."

एक मुखवटा पुढं आला. पायातले खुळखुळे एकदा वाजले. साहेबांनी नावापुढं खूण केली.

"सिन्देनी म्बेवे."

दुसरा.

टाळ्या मंदावल्या. नावं ओळखीची होती. सिन्देनीची बायको ठेका धरणाऱ्या बायकांतच उभी होती, तिचे हात तसेच हवेत राहिले.

सातव्या नावाला कासालिका धापा टाकत खुर्चीमागं आले. "बाई, कुणी ऐकत नाही. सगळे गडी माझ्या अंगणात बसलेत. साहेबांना सांगा, आज नाच..."

त्यांनी मैदानाकडे पाहिलं.

आठ. नऊ. बाईंना उठायचं होतं. पाय उचलेनात.

दहा. अकरा.

साहेबांचं बोट शेवटच्या ओळीवर आलं. मान खाली घालूनच त्यांनी वाचलं, "फालेसी चिपेटा."

बावीस वर्षं बाई रोज सकाळी हजेरी घेत होत्या. नाव ऐकूनही जो गप्प बसे, त्याला उभं करीत.

"हजर," त्या म्हणाल्या.

कासालिकांचा हात त्यांच्या तोंडाकडे गेला होता. अर्ध्या वाटेवरच राहिला.

मैदानातले सगळे खुळखुळे एकदम वाजले.

"बारा. सगळे हजर," साहेबांनी शेवटची खूण केली. "झाला तुमचा पूल, बाई. घ्या, इथं सही करा." कागदावरची नजर न काढता त्यांनी पेन शेजारच्या खुर्चीकडे धरलं.

पेन घ्यायला खुर्चीत कुणी नव्हतं.