तक्रारीतलं नाव

वाचनालयाच्या आवारातलं विजेच्या गाड्यांचं चार्जिंग स्टेशन सोमवारपासून बंद होतं, आणि ते कुणी बिघडवलं हे ग्रंथपाल मार्लिसला पक्कं ठाऊक होतं. तिथेच जुन्या व्हॅनमध्ये राहणारा तो वेंडेल! कंपनीकडे केलेल्या तक्रारीत तिने त्याचं नाव, गाडीचा नंबर, सगळं लिहिलं आणि शेरीफला बोलावून त्याला हाकलून लावलं. उणे वीसच्या थंडीत. जाता जाता तो स्टेशनच्या खांबावरच्या लाल बटणाबद्दल काहीतरी सांगत होता. तिने ऐकूनच घेतलं नाही.

शुक्रवारी दीडशे मैलांवरून मेकॅनिक आला. त्याने खांबावरचं लाल बटण जरासं फिरवलं आणि दिवा हिरवा झाला.

"एवढंच?"

"एवढंच. बिघाड कसला आलाय, बाई! कुणीतरी हे इमर्जन्सीचं बटण दाबलं आणि तसंच सोडून दिलं." त्याने स्क्रीनवरची नोंद वाचली. "सोमवार, सकाळी नऊ चाळीस."

सोमवारी नऊ चाळीसला मार्लिसच्याच गाडीत केबल अडकली होती. वाचनालय उघडायला उशीर होत होता. वैतागून तिने ते बटण दाबलं होतं.

मेकॅनिकने कागद काढले. "मग हे वेंडेलचंच काम म्हणायचं? तुम्ही नाव दिलंय इथे."

व्हॅनच्या जागी बर्फात काळा चौकोन उरला होता. मार्लिसची मान वर होईना.

"खोडा ते," ती पुटपुटली. "लिहा, नाव माहीत नाही."