न धुतलेली डिश

“फेकून द्या ती डिश. नमुना धुतलेलाच नाही,” प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या.

ताईने मान डोलावली. चूक तिचीच होती, आणि तीही कसली! नमुने धुण्यात तिचा हात धरणारं इथे कुणी नव्हतं. अस्थिमज्जेतला गाळ काढून टाकायचा, ब्लड कॅन्सरच्या पेशी तेवढ्या ठेवायच्या, मग त्यांच्यावर औषध सोडायचं. डिशमध्ये औषध दर वेळी त्यांचा फडशा पाडायचं. तेच औषध धाकट्याच्या अंगात गेलं की मात्र त्याची डाळ शिजत नसे.

धाकटा म्हणजे तिचा सख्खा भाऊ. परवा फोनवर त्याने सांगून टाकलं होतं, आता पुरे. औषध नको, मज्जा काढायला कंबरेत सुई नको, शुक्रवारी घरी जाणार. ते ऐकता ऐकता तिने त्याचाच नमुना न धुता तसाच डिशमध्ये ओतून वर औषध सोडलं होतं.

फेकायचीच आहे तर बघून फेकू, असं म्हणून तिने डिश सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. आणि जागीच थिजली.

सुट्या तरंगणाऱ्या पेशी मरून पडल्या होत्या. पण तळाशी त्या गाळातल्याच, मज्जेच्या साध्यासुध्या पेशी हातपाय पसरून बसल्या होत्या आणि रोगाच्या पेशी त्यांना बिलगून चांगल्या ठणठणीत होत्या. खोड्या काढून आईच्या पाठीमागे दडलेली द्वाड कार्टी जशी! ताईने बाईंना अक्षरशः ओढत आणलं.

बाईंनी पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग खुर्चीत बसल्या. इतकी वर्षं आपण चोराला पकडत होतो आणि त्याला आसरा देणारं घर रोज धुऊन टाकत होतो, असं काहीसं पुटपुटल्या. एका डिशवर नाचू नका, हेही बजावलं. पण नाचायच्या बेतात त्याही होत्याच.

ताईने फोन लावला. आज शुक्रवार; धाकटा बूट चढवून हॉस्पिटलच्या कॉटवर बसला होता, घरी न्यायला येणाऱ्या गाडीची वाट बघत.

“ऐक, तुझं औषध इथेही फसलं!”

हे काय आनंदाने सांगायचं असतं का, वेड लागलंय का तुला, असं तो म्हणाला. मग तिने एका दमात सगळं सांगितलं. तुझ्या हाडात जे चालतं तेच आता डिशमध्ये दिसतंय. ती मिठी कशाने सुटते, हे आता इथे शोधता येईल. आधी मिठी सोडवायची, मग औषध. जमेलच असं नाही, पण निदान कुठे घाव घालायचा ते कळलंय.

त्यासाठी नवा नमुना लागणार होता. ते मात्र तिच्या तोंडून बाहेर पडेना.

“ताई, बूट काढतोय मी. सुई आणायला सांग,” तो म्हणाला. “आणि या वेळीही धुऊ नकोस.”