परत आलेल्या मेल

सकाळी दहाला लिस्टवर गेलेल्या, रक्त मागणाऱ्या मेलला दुपारी एकपर्यंत एकही उत्तर नव्हतं. असं कधी झालं नव्हतं. वाशीच्या रक्तपेढीतून निवृत्त झाल्यापासून सुचिता म्हात्रे दुर्मीळ बॉम्बे रक्तगटाच्या लोकांची मेलिंग लिस्ट चालवत होत्या. दहा हजारांत असा एखादाच माणूस, आणि त्याला दुसऱ्या कुठल्याच गटाचं रक्त चालत नाही. लिस्टवर तीनशे चार होते. फोन नंबर बदलतात, मेलचा पत्ता सहसा बदलत नाही, म्हणून मेलच.

फोन वाजला. सकाळची मेल पाठवणाऱ्या, हॉस्पिटलच्या डॉक्टर जागृती. "मॅडम, कुणीच नाही का हो? वैष्णवीचं बाळ ठीक आहे, पण तिचं रक्त थांबत नाहीये."

सुचितांनी लिस्टचा इनबॉक्स खाली सरकवला. दोनशे नव्वद मेल परत आल्या होत्या. त्यांनी लिस्टची तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्या भाच्याला, प्रसादला, फोन लावला.

"मावशी, हॉस्पिटलने परवाच नियम कडक केलाय. 'आमच्या नावाची मेल आमच्याच सर्व्हरवरून आली तर घ्या, नाहीतर परत पाठवा,' असं सगळ्यांना कळवलंय. फसवणूक होऊ नये म्हणून. तुझी लिस्ट डॉक्टरांचीच मेल त्यांच्या नावाने पुढे पाठवते ना? सगळीकडे ती खोटी ठरली."

"मग लिस्टच्या नावाने जाऊ दे. आत्ता."

"एक सेटिंग आहे. दोन मिनिटं."

एक वाजून बारा मिनिटांनी मेल पुन्हा गेली. सव्वाला पहिलं उत्तर आलं, कळंबोलीहून. ट्रकवाला कुलदीप. 'गाडी साइडला लावली. निघालो.' त्यामागोमाग उत्तरं येतच राहिली. ज्यांना येणं शक्य नव्हतं, त्यांनीही लिहिलं.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. "मॅडम, वैष्णवी वाचली. दोन पिशव्या पुरल्या. पण तुम्ही जरा या. हे लोक घरी जात नाहीयेत."

सुचिता रिक्षाने पोचल्या. इतकी वर्षं त्यांनीही ही माणसं फक्त पत्त्यांत पाहिली होती. कॉरिडॉरमध्ये नऊ जण उभे होते, नुसते एकमेकांकडे बघत होते. आपल्या गटाचा दुसरा माणूस त्यांच्यापैकी कुणीच कधी पाहिला नव्हता.

दिवाळे गावच्या कोळीवाड्यातून आलेल्या यशोदाबाईंनी कुलदीपचा ग्रीसने काळा झालेला हात हातात घेतला आणि मनगटावरच्या निळ्या शिरेवरून बोट फिरवलं.

"आपल्या दोगांचं रगत येकच हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

कुलदीपने होकारार्थी मान हलवली. हात सोडवून घेतला नाही.